समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर कीटक पोचतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कधी ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात, कधी ऐरोलीच्या खाडीकाठी आम्ही काही जण कीटक बघायला जातो. दोन पावसाळ्यांपूर्वी एका मैदानावर चतुरांचा थवा घिरट्या घालत होता आणि मी बोलता बोलता म्हणाले, "यांचे भाईबंद आता मालदीवला निघालेत." तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. ग्रुपवर येतात, सोसायटीच्या जिन्यात येतात, एकदा तर ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत आले. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून काढले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कीटक म्हणजे एवढासा जीव. तो शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून बेटावर जातोच कसा?

वाटा मोजक्याच आहेत. काही स्वतःच्या पंखांवर जातात (प्रश्न ३). बरेचसे वाऱ्याबरोबर भरकटत जातात, त्यात त्यांच्या मर्जीचा फारसा भाग नसतो (प्रश्न २). काही वाहत्या लाकडात किंवा झाडाझुडपांच्या गठ्ठ्यावर बसून जातात (प्रश्न ४). अगदी थोडे पक्ष्यांबरोबर जातात (प्रश्न १५). आणि गेल्या काही शतकांत सगळ्यांत रुंद वाट आपण उघडून दिली, ती जहाजाची आणि विमानाची (प्रश्न १३).

माणसाची वाट सोडली तर यातली एकही भरवशाची नाही. निघालेल्यांपैकी जवळजवळ सगळे समुद्रात पडून मरतात. पण कीटकांची संख्या अफाट असते आणि बेटाकडे लाखो वर्षांचा वेळ असतो. अब्जात एखादा पोचला तरी तेवढं पुरतं.

२. वर आभाळात खरंच कीटक असतात का? मला तर कधी दिसले नाहीत.

दिसणार नाहीत, कारण ते फार बारीक आणि फार वर असतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात पी. ए. ग्लिक यांनी १९२६ ते १९३१ या काळात विमानाला चिकट जाळ्या लावून वेगवेगळ्या उंचीवरची हवा अक्षरशः चाळली. १४,००० फुटांपर्यंत कीटक मिळाले, एक कोळी तर १५,००० फुटांवर मिळाला. त्यात मावा होता, तुडतुडे होते, बारीक माश्या होत्या, इवल्या गांधीलमाश्या होत्या. पुढे लिन्सली ग्रेसिट यांनी हेच काम प्रशांत महासागरावर केलं. जहाजांना आणि विमानांना जाळ्या लावल्या आणि जमिनीपासून खूप दूरच्या हवेतही कीटक सापडले.

आपल्या ओळखीचं उदाहरण देते. भात पोटरीत आला की मुरबाड-शहापूरकडे घरातल्या ट्यूबलाइटभोवती तांदळाच्या कणीएवढे किडे गोळा होतात, सकाळी फरशीवरून झाडून काढावे लागतात. त्यांतच भाताचा वैरी, तपकिरी तुडतुडा असतो. जुलै १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर, खुल्या समुद्रात उभ्या असलेल्या एका हवामान-जहाजावर तुडतुड्यांचा थवाच्या थवा उतरला होता. त्यांत हा तपकिरी तुडतुडाही होता. दरवर्षी जपानच्या शेतात हे येतात कुठून, या जुन्या प्रश्नाचा उलगडा तिथून सुरू झाला.

चार्ल्स डार्विननेही बीगल जहाजावर हे टिपून ठेवलं आहे. केप व्हर्द बेटांजवळ एक मोठा नाकतोडा जहाजावर येऊन बसला. वाऱ्याची दिशा धरली तर सगळ्यांत जवळची जमीन म्हणजे आफ्रिकेचा किनारा, आणि तो ३७० मैलांवर.

३. चतुर खरंच आपल्याकडून आफ्रिकेला जातात? की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पिवळसर-तांबूस, मागचे पंख मुळाशी रुंद असलेला हा चतुर शास्त्रीय नावाने पँटाला फ्लॅव्हेसेन्स. पावसाळ्यात आणि तो ओसरताना मैदानांवर, गच्चीवर, खाडीवरच्या पुलाकडेला जे थवे दिसतात ते बहुतेक याचेच. नीट बघितलंत तर तो पंख फडफडवत बसत नाही, घारीसारखा हवेवर तरंगत राहतो. तासन्‌तास टेकत नाही. रुंद पंखांचा उपयोग इथे होतो, कमी ताकदीत जास्त अंतर कापता येतं.

मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे एकदम असंख्य चतुर येतात आणि काही आठवड्यांत नाहीसे होतात. पण मालदीव म्हणजे प्रवाळाची बेटं. वर उघड्यावर गोडं पाणी जवळपास नाहीच आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यात वाढतात. मग हे येतात कुठून? अनेक वर्षांच्या नोंदी जुळवून २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की हे दक्षिण भारतावरून ५०० ते १००० किलोमीटर समुद्र ओलांडून मालदीवला येतात, तिथून सेशेल्सवरून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्याबरोबर भारतात परततात. जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट वाऱ्याची आहे. ऑक्टोबरमध्ये मालदीवला जमिनीलगत वारा उलटाच, पश्चिमेकडून असतो. मग चतुर वाऱ्याविरुद्ध येतात की काय? नाही. हजार मीटरच्या वर ईशान्येकडचा वारा आधीच सुरू झालेला असतो आणि ते त्या थरातून येतात. वारा आणि पंख मिळून ताशी ३० किलोमीटर धरले, तर ६०० किलोमीटरला २० तास. चतुराला हे झेपतं.

२०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांच्या पंखांतले हायड्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार) तपासले गेले. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्याची खूण पंखात राहते. ती खूण दक्षिण भारताची नव्हती, उत्तर भारताची किंवा त्याहीपलीकडची होती. तेव्हा "ठाण्याचा चतुर" असं छातीठोक म्हणू नका. आपल्या डोक्यावरून जाणारा कदाचित हिमालयाच्या पायथ्याच्या डबक्यात जन्मलेला असेल.

हाच चतुर चिलीपासून सुमारे ३,५०० किलोमीटरवरच्या ईस्टर बेटावरही आहे. तिथे वस्ती करून राहिलेला चतुर हा एकच. (तिथे राहून तो कसा बदलला ते प्रश्न १२ मध्ये. गेलेला परत येतो का, ते प्रश्न १६ मध्ये.)

४. ज्यांना लांब उडता येत नाही ते कसे पोचतात?

वाहत जातात. यासाठी मी लोकांना समुद्रावर नेत नाही, जुलैत उल्हास नदीच्या पुलावर उभी करते. पूर आला की जलपर्णीचे मोठमोठे गालिचे सुटून खाडीकडे निघतात. एकदा काठाला अडकलेला असा एक तुकडा आम्ही काठीने ओढून बघितला, ताटाएवढाच होता. त्याच्या देठांत आणि मुळांत दोन जातींच्या मुंग्या, रातकिडे, झुरळाची पिल्लं, गोगलगाई, कोळी आणि एक पांढरट अळी होती. ताटाएवढ्या तुकड्यात एवढं, तर अख्ख्या गालिच्यात किती असेल! जलपर्णी स्वतः खाऱ्या पाण्यात लवकर मरते, त्यामुळे हा तराफा फार दूर जाणार नाही. पण मुळासकट उन्मळलेलं झाड, बांबूचं बेट, पोकळ ओंडका हे आठवडेच्या आठवडे तरंगतात.

तराफ्याने कोण जाईल याचा अंदाज बांधता येतो. जो लाकडात राहतो, तो. आपल्याकडे मांडवाच्या जुन्या बांबूला किंवा खिडकीच्या लाकडी चौकटीला गोल, अगदी गिरमिटाने पाडल्यासारखं भोक करणारा काळा-निळा भुंगा माहीत असेल. मादी आत बोगदा करते, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते आणि लाकडाच्या भुश्याने खोली बंद करते. मग पुढची खोली. आता असा ओंडका वाहत निघाला तर आत बाळंतपणाची सगळी तयारी, डब्यासकट. इक्वेडोरपासून सुमारे १,००० किलोमीटरवरच्या गॅलापागोस बेटांवर मूळची मधमाशी-वर्गातली एकच जात आहे आणि ती नेमकी हाच लाकूड पोखरणारा भुंगा आहे.

तराफ्याचा प्रवास लोकांनी डोळ्यांनी बघितल्याचं उदाहरण मात्र कीटकांचं नाही, सरड्यांचं आहे. १९९५ मध्ये कॅरिबियनमध्ये दोन चक्रीवादळांनंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा गठ्ठा लागला आणि त्यावर पंधराएक हिरव्या घोरपडीसारखे इग्वाना होते. पुढे ते तिथे विणलेसुद्धा. एवढा मोठा प्राणी जगतो, तर लाकडाच्या आतली अळी का नाही जगणार?

५. खाऱ्या पाण्याने मरत नाहीत का?

भिजले तर बरेचसे मरतात, म्हणूनच आत राहणारे टिकतात. लाकडाच्या गाभ्यातली अळी, कोशातला कीटक, मेणचट कवचाचं अंडं यांच्यापर्यंत पाणी चटकन पोचत नाही. मीठापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे कोरडं पडणं. वाऱ्यावर जाणारा मावा किंवा तुडतुडा उन्हा-वाऱ्याने आधी सुकून मरतो. त्यामुळे ढगाळ, दमट हवेतले प्रवास जास्त यशस्वी होतात.

६. समुद्रातच राहणारे कीटक नाहीत का?

किनाऱ्याजवळ, खारफुटीत आहेत. खुल्या महासागरात मात्र फक्त पाच जाती, हॅलोबेट्स नावाच्या. तळ्यावर पाय पसरून सरकणारे पाणपळवे बघितले असतील, त्यांचेच हे नातेवाईक. पंख नाहीत, जन्मभर लाटांवर सरकतात आणि तरंगणाऱ्या पिसावर, लाकडाच्या तुकड्यावर अंडी घालतात. आता प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरही घालतात.

७. पोचला म्हणजे वसला, असं समजायचं ना?

नाही. या सगळ्या विषयात लोकांचा घोळ होतो तो इथेच.

ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून निघालेले वाळवंटी टोळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरले. सुमारे ५,००० किलोमीटर! विदर्भात २०२० च्या मे महिन्यात आले होते तीच ही जात. पण त्या बेटांवर त्यांची वस्ती झाली नाही. प्रश्न २ मधला तुडतुडा दरवर्षी जपानला पोचतो, भात फस्त करतो आणि थंडीत मरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा नवे येतात. पेंटेड लेडी फुलपाखरं २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडली, आफ्रिकेकडून किमान ४,२०० किलोमीटर येऊन. तीही पाहुणीच.

वसायला काय लागतं? जोडीदार किंवा आधीच फळलेली मादी (प्रश्न ८), पिल्लांना जगवणारी हवा आणि खायला नेमकं तेच. शेवटची अट फार कडक आहे. आपल्या रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू आठवा. त्याची अळी रुईच्या कुळातलंच खाते, कढीपत्त्यावर ठेवलीत तर उपाशी मरेल. त्याचंच भावंड मोनार्क एकोणिसाव्या शतकात हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात जाऊन वसलं. त्याआधीही भरकटून गेलं असेलच, पण त्याच्या अळीचं खाद्य असलेली झाडं माणसाने तिथे नेली तेव्हा कुठे पिढी तगली.

८. एकच कीटक पोचला तर वंश वाढणार कसा?

ती मादी असेल तर वाढू शकतो. बऱ्याच कीटकांत मादी एकदा मिलन झालं की शुक्राणू पोटात साठवून ठेवते आणि लागेल तसे वापरते. मुंगीची राणी तर वर्षानुवर्षं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या येतात, त्यांतली मिलन झालेली एक राणी म्हणजे अख्खं वारूळ. मावा याहून पुढचा. त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देतात. काही काडीकिडे आणि भुंगेरेही नराविना वाढतात.

९. हे सगळं अंदाजच ना? बेटावर वस्ती होताना कुणी बघितलंय?

बघितलंय, तीन प्रकारे.

पहिलं क्राकाटाऊ. जावा आणि सुमात्राच्या मधलं हे बेट २७ ऑगस्ट १८८३ च्या स्फोटात उडालं, उरलेला तुकडा गरम राखेखाली गाडला गेला. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये एडमंड कोतो तिथे गेले. खूप शोधून त्यांना सापडला एक बारीक कोळी, जाळं विणत बसलेला. खायला माशी नाही, चिलट नाही, आणि तो जाळं विणतोय. (कोळ्याला आठ पाय, तो कीटक नव्हे, हे मला दर वेळी कुणीतरी सांगतं. बरोबर आहे. पण वाट तीच, वाऱ्याची. कोळ्याचं पिल्लू रेशमाचा धागा सोडतं आणि त्याला लटकून उडतं.) पुढच्या पन्नास वर्षांत तिथे जंगल उभं राहिलं आणि त्यात शेकडो जातींचे कीटक आले.

दुसरं सुर्त्से. आइसलँडच्या दक्षिणेला नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखीने नवं बेट वर काढलं. पुढच्याच वर्षी, ज्वालामुखी धुमसत असतानाच, तिथे पहिला कीटक मिळाला, चिलटासारखी बारीक माशी. आजही शास्त्रज्ञांखेरीज कुणाला तिथे पाय ठेवू देत नाहीत.

तिसरा मुद्दाम केलेला प्रयोग, आणि खारफुटीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो समजून घ्यावाच. रॉबर्ट मॅकआर्थर आणि ई. ओ. विल्सन या जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की बेटावरच्या जातींची संख्या ही आवक आणि जावक यांच्या तोलावर ठरते. नव्या येतात, जुन्या संपतात. बेट मोठं आणि जवळ असेल तर जाती जास्त, लहान आणि दूर असेल तर कमी. हे तपासायला विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिंबरलॉफ यांनी १९६६-६७ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रातली खारफुटीची इवली बेटं निवडली, दहा-पंधरा मीटर रुंदीची. आधी प्रत्येक फांदी तपासून किडे मोजले. मग बेटावर तंबू घातला आणि विषारी धूर सोडून सगळे किडे मारले. आणि मोजत बसले. वर्षाच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीएवढी झाली, सगळ्यांत दूरचं बेट मागे राहिलं. संख्या तेवढीच, जाती मात्र बऱ्याचशा वेगळ्या. ऐरोलीला बोटीतून जाताना खाडीत सुटं उभं असलेलं खारफुटीचं एखादं झाड दिसतं, तेव्हा मला हा प्रयोग हटकून आठवतो.

१०. ठाणंही साष्टी बेटावरच आहे ना? मग आपल्याकडे जगावेगळे कीटक का नाहीत?

जुनं ठाणं साष्टीवर आहे, खरं. पण कीटकाच्या लेखी ठाण्याची खाडी म्हणजे गल्ली. कळवा पुलावरून फुलपाखरं माणसांच्या डोक्यावरून आरपार जातात. दुसरं म्हणजे साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा साष्टी काय आणि घारापुरी काय, सगळी सलग जमीन होती. कीटक आधीच इथे होते, पाणी नंतर आलं. अशा बेटांवर मुख्य भूमीचेच कीटक मिळतात. या पानावरची चर्चा समुद्राच्या तळातून उगवलेल्या, कधीच जमिनीला न जोडलेल्या बेटांची आहे.

११. दूरच्या बेटांवर कुठले कीटक मुळात नसतात?

हवाई बेटं अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहेत. माणूस जाण्याआधी तिथे एकही मुंगी नव्हती. वाळवी नव्हती, पोळं बांधणारी मधमाशी नव्हती, डास नव्हता. मूळची फुलपाखरं म्हणावीत तर दोनच जाती. मुंगीविना जंगल कसं असेल, याची मला नीट कल्पनाच करता येत नाही. येऊरच्या वाटेवर दगड उचला, मुंगी आहेच.

म्हणून दूरच्या बेटावरची यादी मुख्य भूमीच्या यादीचा लहान नमुना नसते. चाळणीतून निवडक काही पडलं आणि त्यांनी उरलेल्या जागा भरल्या. हवाईत तर सुरवंटांच्या काही जाती पानं सोडून शिकारी झाल्या. फांदीचा तुकडा असल्यासारख्या स्तब्ध बसतात आणि अंगावर आलेली माशी झडप घालून पकडतात.

१२. मोजकेच पूर्वज पोचले, तर मग हजारो जाती कुठून आल्या?

तिथेच घडल्या. हवाईत पाच हजारांहून जास्त जातींचे मूळचे कीटक नोंदले गेले आहेत, पण त्या सगळ्यांचे समुद्र ओलांडून आलेले पूर्वज काही शेच होते. स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर जी चिलटं घोंघावतात, त्यांच्या कुळातल्या एखाद-दुसऱ्या पूर्वजापासून तिथे शेकडो जाती झाल्या. डीएनएवरून त्यांचं आगमन सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचं निघतं. आता गंमत बघा, आजच्या मोठ्या हवाई बेटांपैकी सगळ्यांत जुनं कौआई सुमारे पन्नास लाख वर्षांचं. म्हणजे चिलटं बेटापेक्षा जुनी! ती आधी उतरली ती त्याच रांगेतल्या जुन्या बेटांवर, जी आता झिजून पाण्याखाली गेली आहेत. एक बेट बुडत आलं की शेजारी नवं उगवलेलं असे, आणि त्यांनी बिऱ्हाड हलवलं.

एकदा वसल्यावर प्रवासाची खोड मोडते. वादळी बेटावर पंख उघडणारा समुद्रात जातो, न उडणारा राहतो. अटलांटिकमधल्या मडेरा बेटाच्या भुंगेऱ्यांवरून डार्विनने हे सुचवलं होतं. तिथल्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडण्याजोगे पंख नव्हते. अंटार्क्टिकाभोवतीच्या वाऱ्याच्या बेटांवर जवळपास निम्म्या मूळच्या जाती उडत नाहीत, जगभरात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. प्रश्न ३ मधला तो ईस्टर बेटावरचा चतुर, ज्याचे पूर्वज महासागर ओलांडून आले, तोसुद्धा आता समुद्रावर जायचं टाळतो.

१३. आमचं न्हावाशेवाला मालाचं काम आहे. लाकडी पॅलेटवर शिक्का नसेल तर माल अडवतात. त्याचा कीटकांशी काय संबंध?

सगळा संबंध कीटकांशीच आहे. पॅलेटच्या कडेला भाजून उमटवलेला शिक्का बघा. चौकटीत गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी'. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलं आहे, आतली अळी-अंडी मेली आहेत. प्रश्न ४ मधला वाहता ओंडका आणि तुमचं पॅलेट यात कीटकाच्या दृष्टीने फरक एवढाच, की पॅलेट कोरडं असतं आणि हमखास किनाऱ्याला लागतं.

आपल्या कोकणातल्या नारळाचा शत्रू, गेंड्या भुंगा घ्या. शेणाच्या उकिरड्यात वाढतो, माडाचा शेंडा पोखरतो. १९०९ मध्ये तो रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेहून सामोआला गेला. २००७ मध्ये गुआमला, २०१३ मध्ये हवाईला. नारळ तर हजारो वर्षं समुद्रात वाहतोय, भुंगा त्याच्याबरोबर गेला नाही. माणसाबरोबर शंभर वर्षांत अर्धा प्रशांत महासागर फिरला.

कृपा करून पॅलेटचा शिक्का "मारून घेऊ कसा तरी" असं करू नका. ही कळकळीची विनंती आहे.

१४. कीटक आधीही बेटांवर जातच होते. आता जहाजातून गेले तर बिघडलं कुठे?

वेगात बिघडलं. हवाईचा ढोबळ हिशोब करू. बेटांच्या त्या रांगेला तीन कोटी वर्षं धरली आणि यशस्वी पूर्वज चारशे, तर सरासरी ७५,००० वर्षांत एक कीटक तिथे वसला. विसाव्या शतकात तिथे दरवर्षी डझनाहून जास्त नवे कीटक वसत होते. मुंग्यांच्याच आता पन्नासपेक्षा जास्त जाती आहेत.

परिणाम दिसतात. हवाईत डास १८२६ च्या सुमारास जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून आला, आपल्याकडे गटारात वाढतो तोच क्युलेक्स. पुढे त्याने पक्ष्यांचा मलेरिया पसरवला आणि हनीक्रीपर नावाच्या सुंदर पक्ष्यांच्या जाती एकामागोमाग संपल्या. उरलेल्या वाचवायला २०२३ पासून मावी बेटाच्या जंगलात हेलिकॉप्टरमधून खास वाढवलेले नर डास सोडतात, ज्यांच्याशी मिलन झालं की अंडी उबतच नाहीत.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या वेड्या मुंग्यांच्या प्रचंड वसाहती १९९० च्या दशकात फैलावल्या आणि तिथल्या प्रसिद्ध लाल खेकड्यांपैकी कोटीच्या वर खेकडे मेले. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरचा हाताच्या पंजाएवढा काळा काडीकिडा १९१८ मध्ये जहाजातून उतरलेल्या उंदरांनी काही वर्षांत संपवला. सगळ्यांनी तो नामशेष धरला होता. २००१ मध्ये २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून सरळ वर आलेल्या सुळक्यावर, एका झुडपाखाली, चोवीस जिवंत सापडले.

१५. पक्ष्याने खाल्लेलं अंडं जगतं, हे खरं का?

बहुतेक अंड्यांच्या बाबतीत नाही. काडीकिडा हा अपवाद. त्याची अंडी बियांसारखी दिसतात आणि कवच तसंच टणक असतं. जपानमध्ये संशोधकांनी ती तिथल्या बुलबुलाला खाऊ घातली. काही अखंड बाहेर पडली आणि मोजकी उबलीही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पोटात अंडी असलेली मादी पक्ष्याने खाल्ली तर असंच होऊ शकतं, आणि तिच्या अंड्यांना नराची गरज नसते (प्रश्न ८). पक्ष्याच्या पोटात अन्न थोडाच वेळ राहतं, त्यामुळे या वाटेने फार लांबचा पल्ला गाठता येत नाही. बेटावरून शेजारच्या बेटावर, इतकंच.

१६. ताई, माझी सहा वर्षांची मुलगी विचारते, गेलेला चतुर परत येतो का?

तो स्वतः नाही येत. तिला सरळ सांगा, मुलांना हे समजतं. चतुराचं पंखांचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं असतं. ऑक्टोबरात निघालेला आफ्रिकेत पोचतो, तिथे पावसाच्या डबक्यांत अंडी घालतो आणि संपतो. त्याची पिल्लं पावसामागे दक्षिणेला जातात, नातवंडं पुन्हा वर सरकतात आणि पणतवंडं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर अरबी समुद्र ओलांडून इकडे येतात. अँडरसन यांच्या हिशोबात चार पिढ्या मिळून ही एक फेरी होते.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर तिला खाली घेऊन जा. पार्किंगमध्ये एखादा चतुर गाडीच्या ओल्या, चकचकीत बॉनेटवर शेपटीचं टोक पुन्हा पुन्हा टेकवताना दिसेल. त्याला ते पाणी वाटतं, ती मादी अंडी घालते आहे. तिथली वाया जातात. मैदानातल्या डबक्यात घातलेली मात्र दीड-दोन महिन्यांत चतुर होऊन उडतात, म्हणजे ऑगस्टपर्यंत. वरचा वारा ऑक्टोबरात फिरतो.